एका वस्तूने अपुरी

मी एक जुनी सॅक आहे. शिडाच्या कापडाची, पितळी कड्यांची, पाठीवर अडकवायची. वय विचाराल तर चाळिशी केव्हाच ओलांडली. पण माझा एक टाकाही उसवलेला नाही, असं मी अगदी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

मित्रांनो, वस्तूंची रडगाणी तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. छत्रीच्या काड्या गंजतात, घड्याळ बंद पडतं, खुर्चीचा पाय मोडतो आणि मग त्या उसासे टाकत बसतात. माझं रडगाणं नाही, माझा संताप आहे. मला कुणी फेकून दिलं नाही की उंदरांच्या तोंडी दिलं नाही. मला भरलं आणि रिकामं केलं. पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं केलं. भरल्या ताटावरून कुणी तुम्हाला रोज उठवलं असतं, तर तुम्हीही असेच वैतागला असता.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे, पोत्सुओली गावच्या बंदरावर झाला. तिथे लिबोरिओ नावाचे एक म्हातारे गृहस्थ बोटींची शिडं शिवायचे. ज्या शिडातून त्यांनी मला कापून काढलं ते इतकं चिवट होतं, की एकदा वादळात बोट मागे राहिली आणि शीड एकटंच पलीकडच्या बेटावर जाऊन पोचलं. संध्याकाळी नावाडी वल्ही मारत तिथे गेला, तेव्हा शीड वाळूवर पसरून वाळतही आलं होतं. मला कापताना लिबोरिओंच्या तीन कात्र्या बोथट झाल्या. चौथीने काम सोडून दिलं आणि ती पुढे फक्त कागद कापायची. पटत नसेल तर त्यांना विचारा. आता ते हयात नाहीत, तेव्हा तुम्हाला माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

मला शिवून घेतलं ते साबातो नावाच्या मासळीवाल्याने. त्याचं कारण होतं. आमच्या गावाखाली आग आहे. जमीन काही वर्षं हळूहळू वर येते, मग काही वर्षं खाली बसते, आणि वर येताना मधूनमधून अंग झटकते. हवेला उकडलेल्या अंड्यांचा वास येतो. परगावचे लोक नाकाला रुमाल लावतात, आम्ही खिडकी उघडतो. त्र्याऐंशी साली जमीन इतकी वर आली की बंदरातल्या बोटी चिखलात कलल्या. त्यांच्या सावलीत मांजरं झोपायची. साबातोला लक्षण ठीक दिसेना. एका दुपारी त्याने मला टेबलावर ठेवलं आणि पद्धतशीर भरलं. पाणी, पाव, चीज, घोंगडी, मेणबत्त्या, घराचे कागद, सगळ्यांचे बूट. माझं तोंड आवळून तो म्हणाला, "झालं. आता काही राहिलं नाही."

दुसऱ्याच दिवशी मोठा हादरा बसला.

साबातोने मला पाठीवर घेतलं. माझ्यावर त्याचा पाच वर्षांचा मुलगा प्रोकोलो बसला. साबातोची बहीण तितिना हातात शिवणयंत्राचं मुंडकं घेऊन मागून आली. तंबूत आम्ही तीन दिवस काढले. माझ्या पोटातल्या पावावर अकरा माणसं जेवली. तितिनाने सगळ्यांसमोर माझ्या कापडाचा मुका घेतला. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान.

पण त्याच तंबूत पाच वर्षांच्या प्रोकोलोने मनाशी एक हिशेब मांडला. बाबांनी सॅक पुरी भरली आणि दुसऱ्या दिवशी जमीन हलली. म्हणजे सॅकनेच तिला बोलावलं! लहान मुलं असल्या गोष्टी मनात धरतात आणि मोठी झाली की विसरतात. हा विसरला नाही.

मग जमीन शांत झाली आणि माझी सहलींवर बदली झाली. मी टोमॅटो वाहिले, फुटबॉल वाहिला, ओले टॉवेल वाहिले. एकदा साबातोने माझ्यातून जिवंत ऑक्टोपस नेला. त्याने आतून माझं बक्कल उघडलं, बसमध्ये खाली उतरला आणि खिडकीजवळची जागा धरून दोन थांबे प्रवास केला. तपासनीस आला तेव्हा आठही हात वर करून बसला म्हणतात. त्याचा वास मात्र वीस वर्षं माझ्या अंगाला होता.

पुढे साबातो गेला. मासळीचा ठेला प्रोकोलोकडे आला आणि मीही. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात माणसं चार. प्रोकोलो, त्याची बायको नुन्झिया, अकरा वर्षांची मुलगी एर्सिलिया आणि तितिना आत्या. आत्याने जन्मभर लग्नाचे पोशाख शिवले. आता तिला सुईतलं भोक दिसत नाही, पण दुसऱ्याच्या कपड्यातली वाकडी शिवण मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसते.

एर्सिलियाला दमा आहे. धूळ उडाली की तिची छाती शिट्टीसारखी वाजायला लागते. निळा पंप तोंडाला लावून दोन फवारे ओढले की दहा मिनिटांत पोरगी पुन्हा जिना चढ-उतर करते. एक पंप तिच्या उशाशी असतो. दुसरा माझ्या पोटात, औषधांच्या निळ्या पाकिटात असायला हवा. 'असायला हवा' हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण माझा सगळा वैताग त्यांच्यातच आहे.

काही वर्षांपूर्वी जमीन पुन्हा वर यायला लागली. दिवसाला वीस वीस हादरे. नगरपालिकेने घरोघरी यादी वाटली की संकटाच्या वेळी हाताशी कायकाय हवं. नुन्झियाने ती फ्रिजवर चिकटवली, मला माळ्यावरून काढलं, साबणाने घासलं आणि दारामागे टांगलं. ही बाई बेटांना जाणाऱ्या बोटींच्या तिकीटखिडकीवर बसते. वेळेवर सुटणं तिच्या रक्तात आहे. तिने यादी हातात धरून मला भरलं. पाण्याच्या सहा बाटल्या, मासळीचे डबे, डबे फोडायची चावी, बिस्किटं, टॉर्च, रेडिओ, शिट्टी, घोंगडी, कागदांच्या नकला, औषधांचं पाकीट. मी भरून पावले. वाटलं, साबातोचे दिवस परत आले.

दोन दिवसांत टॉर्च गेली.

"प्रोकोलो, टॉर्च कुठे आहे?" नुन्झियाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुठली टॉर्च?"

"सॅकमधली."

"असेल तिथेच."

"तिथे नाही म्हणून तर विचारतेय."

"अंधारात नीट दिसलं नसेल तुला."

"अंधारात दिसावं म्हणूनच असते ना रे टॉर्च, शहाण्या!"

टॉर्च सापडली, बाल्कनीत, तुळशीसारख्या दिसणाऱ्या बाझिलच्या कुंडीमागे. नुन्झियाने ती परत ठेवली. त्या आठवड्यात शिट्टी गेली. मग रेडिओ. मग घोंगडी. प्रत्येक वेळी एकच वस्तू जायची, दोन नाहीत. नुन्झियाला वाटायचं, नवरा विसराळू आहे. मला मात्र सगळं माहीत होतं, कारण बोटं माझ्याच पोटात शिरायची. पण मला तोंड आहे ते फक्त भरण्यापुरतं. सांगणार कुणाला?

शेवटी एका रविवारी जेवणं झाल्यावर नुन्झियाने मला टेबलावर उलटी केली. माझ्यातून डब्यांची चावी गायब होती. आणि यादीत नसलेल्या दोन वस्तू बाहेर पडल्या, एक कॉफीचं भांडं आणि एक काळा रेशमी पोशाख.

"कॉफीचं भांडं कुणी ठेवलं?"

"मी," प्रोकोलो म्हणाला. "संकट असो नसो, सकाळ तर होणारच."

"आणि हा पोशाख?"

"तो माझा," तितिना आत्या म्हणाली. "शेवटचा. स्वतः शिवलाय. ढिगाऱ्याखाली मेले, तर मला काय घरच्या गाऊनवर शवपेटीत ठेवणार तुम्ही? लोक काय म्हणतील, आयुष्यभर शिवत होती आणि स्वतः बघा!"

"आत्या, ही सॅक जगण्यासाठी आहे."

"जगले तर घालणार नाही. तुझं काय जातंय?"

नुन्झियाने पोशाख बाजूला ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. "डब्यांची चावी कुठे आहे?"

प्रोकोलोने खाली बघत पावाचे कण गोळा केले. मग म्हणाला, "मी एकच काढतो. नेहमी एकच. एकाने काय होतंय? पण सॅक पुरी असता कामा नये."

"का?"

"पुरी भरलेली सॅक म्हणजे आमंत्रण. जमिनीला वाटतं, ही मंडळी बूट घालून बसलीत, त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं? एक वस्तू कमी असली की तिला कळतं, अजून यांची तयारी नाही."

"जमिनीला कळतं?"

"बाबांनी भरली, दुसऱ्या दिवशी हलली. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पाच वर्षांचा होतास तू! तेव्हा तुला वाटायचं, समुद्रात मीठ तुझे बाबा टाकतात!"

"बाबा, जमीन यादी वाचते का?" एर्सिलियाने विचारलं.

"वाचत नाही गं," आत्या म्हणाली. "वास घेते."

"आत्या! तुम्हीसुद्धा?"

"मी कुठे काय काढते? फक्त बिस्किटं. तीही मऊ पडायच्या आत. ठेवून ठेवून वाया घालवायची का?"

म्हणजे बघा! एकजण जमिनीला फसवायला काढतो, दुसरी चहात बुडवायला काढते. आणि मी? मी दारामागे लटकत एकाच विचाराने पोखरली जात होते. उद्या खरंच वेळ आली तर माझ्यात नेमकं काय नसेल?

त्याचं उत्तर मला एका शुक्रवारी मिळालं. प्रोकोलोची एक खोड होती. जमिनीला संशय येऊ नये म्हणून तो डोळे मिटून हात घालायचा आणि जे बोटांना लागेल ते काढून न बघता कुंडीमागे टाकायचा. औषधांना हात लावणार नाही, अशी त्याने शपथ घेतली होती. पण मिटल्या डोळ्यांना शपथ काय दिसणार? त्या शुक्रवारी त्याची बोटं निळ्या पाकिटाला लागली. मी आतून जमेल तितकं अंग आवळलं. पण पाकीट गेलंच.

संध्याकाळी नुन्झियाला ते कुंडीमागे ओलं झालेलं सापडलं. एरवी तिचा आवाज खालच्या चौकापर्यंत जातो. त्या दिवशी ती हळू बोलली, आणि म्हणूनच सगळे घाबरले.

"प्रोकोलो, ही पोरीची हवा आहे."

प्रोकोलो पांढराफटक पडला. "मी डोळे मिटून काढलं गं. मला माहीत नव्हतं."

"उघडे ठेवून तरी काय दिवे लावतोस!"

दुसऱ्या दिवशी शनिवार. कामावर जायच्या आधी नुन्झियाने कोरडं पाकीट, नवा पंप, त्यावरची तारीख, सगळं दोनदा बघून मला भरलं. एकही वस्तू कमी नाही, नवऱ्याचं कॉफीचं भांडंही तिने राहू दिलं. माझ्या पितळी कड्यांतली जुनी दोरी तिने उपसून टाकली आणि तिथे कुत्र्याची पोलादी साखळी ओवली. साखळीला कुलूप लावलं. त्या आधी जेमतेम क्षणभर ती चपला शोधायला वळली, तेवढ्यात आत्याने आपला काळा पोशाख आत कोंबलाच. किल्ली नुन्झियाने गळ्यातल्या साखळीत, माता मेरीच्या पदकाशेजारी अडकवली.

"आता काढ बघू," ती म्हणाली आणि बंदराकडे गेली.

मित्रांनो, माझा ऊर अभिमानाने भरून आला. चाळीस वर्षांनी मी पुन्हा पुरी झाले होते. प्रोकोलो मात्र बाजारातून आला तो माझ्याभोवती मांजरासारखा घिरट्या घालत होता. त्याने गळाने कुलूप उघडून पाहिलं, केसांच्या पिनेने पाहिलं, शेवटी हात जोडूनही पाहिलं. कुलूप ढिम्म. "हे बरं नाही झालं, आत्या," तो म्हणत होता. "पुरी भरलीय. एकदम पुरी."

एक साधी गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नाही. मी इतकी शहाणी म्हणवते, माझ्याही नाही. सॅक घरात होती आणि किल्ली कामावर गेली होती.

अकरा वाजता हादरा बसला. रोजच्यासारखा कपबशा वाजवणारा नव्हे. या हादऱ्याने कपाट भिंतीपासून सुटून स्वयंपाकघरात चालत आलं. छताचं प्लास्टर ओतल्यासारखं खाली आलं. प्रोकोलोने एका खांद्यावर मला टाकलं, दुसऱ्या हाताने पोरीला धरलं, आणि आम्ही जिन्यावरून सुटलो. जिन्यात धुळीने पुढचं माणूस दिसत नव्हतं.

"सांगितलं होतं की नाही!" प्रोकोलो ओरडत होता. "भरली आणि हलली!"

"आधी उतर, मग सांग!" मागून आत्या ओरडली.

चौकात सगळी गल्ली जमली होती. कुणी दाढीचा साबण गालावर घेऊन, कुणी एका पायात चप्पल घालून. पहिल्या मजल्यावरची रोझाल्बा तर न्हाणीतून टॉवेलवरच आली होती आणि दोन बायका तिच्यापुढे पाठ करून भिंतीसारख्या उभ्या होत्या. सगळे मोठमोठ्याने बोलत होते. आणि त्या गोंगाटात मला तो आवाज ऐकू आला. एर्सिलियाच्या छातीतली शिट्टी.

ती बाकावर बसली होती, खांदे कानापर्यंत चढलेले. बोलायला बघत होती, पण शब्दाला हवा पुरत नव्हती. तिचा रोजचा पंप वर उशाशी राहिला होता. आमच्या दारावरची बाल्कनी निम्मी खाली लोंबत होती आणि शेजारच्या दोघा तरण्यांनी हात पसरून दार अडवलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचं शटर वाकून चौकटीत रुतलं होतं. फोन कुणाचेच लागत नव्हते.

"सॅक!" आत्या म्हणाली. "सॅकमध्ये आहे!"

आहे! पहिल्यांदाच खरोखर आहे! आणि माझ्या तोंडावर साखळी, साखळीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली पाव तासाच्या वाटेवर तिकीटखिडकीत.

प्रोकोलोने दगड उचलून कुलपावर घातला. दगड फुटला. त्याच्या खिशात शिंपल्या उघडायची आखूड सुरी असते. ती त्याने साखळीच्या कडीत घालून पिरगळली, तर सुरीचं टोक तुटून उडालं. उरलेलं पातं त्याने माझ्या अंगावर टेकवलं, आणि थांबला.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"बाबांची आहे गं ती."

"तुझा बाप वर सुखात आहे! पोरगी इथे आहे! काप!"

त्याने जोर केला. आणि मित्रांनो, मी कापली जाईना. तीन कात्र्या बोथट करणारं कापड ते. जन्मभर ज्याची मी बढाई मारली, तेच माझ्या आणि त्या पोरीच्या मधे आडवं पडलं होतं. पातं घसरत होतं, कापडावर नुसता पांढरा ओरखडा उठत होता. एर्सिलियाचे ओठ निळसर झाले होते. शिट्टीचा आवाज आता बारीक होत चालला होता, आणि तो बारीक होणं हे जास्त वाईट, हे तिच्या बापाला माहीत होतं. मला त्या क्षणी स्वतःच्या धाग्याधाग्याचा संताप आला.

"कापडाशी काय झगडतोस गाढवा!" आत्याने त्याच्या हातातून सुरी ओढून घेतली. "शिवण बघावी माणसाने!"

तिने डोळे मिटले. बोट माझ्या कडेवरून फिरवलं. लिबोरिओंची दुहेरी, मेण घातलेली शिवण तिच्या बोटाला लागली. तिने तुटकं पातं पहिल्या टाक्याखाली सरकवलं.

पुढचं कुणी मानत नाही. सगळे म्हणतात, आत्याच्या हाताची कमाल. आत्या स्वतःही तेच म्हणते आणि दिवसातून चार वेळा म्हणते. पण आत्याने फक्त तीन टाके तोडले. उरलेले चाळीस मी सोडले. एका दमात, आपण होऊन, चाळीस वर्षांचं मेण झटकून सोडले. माझी कूस वरपासून खालपर्यंत उघडली.

प्रोकोलोने हात आत घातला. पहिल्यांदा आला आत्याचा काळा पोशाख. मग पाण्याची बाटली. मग पुन्हा पोशाखाची बाही. "डोळे उघड!" आत्या किंचाळली, कारण सवयीने त्याने डोळे मिटले होते. त्याने ते उघडले. निळं पाकीट वर काढलं, पंप हलवला, पोरीच्या तोंडाला लावला.

एक फवारा. दुसरा फवारा. प्रोकोलो तिची पाठ धरून स्वतःच मोठ्याने श्वास घेत होता, जणू दोघांपुरता तोच घेणार होता. थोड्या वेळाने आणखी दोन. मग हळूहळू एर्सिलियाचे खांदे खाली आले.

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं? काय राणी?"

"तुमच्या हाताला मासळीचा वास येतोय."

प्रोकोलो हसला, आणि हसता हसता बाकापाशी बसकण मारून रडायला लागला. आत्याने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि तिथेच हात ठेवून उभी राहिली.

नुन्झिया धावत आली तेव्हा किल्ली तिच्या मुठीत होती. गळ्यातली साखळी तिने वाटेतच तोडली असावी, मानेवर लाल वळ होता. तिने पोरीला बघितलं, पंप बघितला, मग मला बघितलं. कुलूप जसंच्या तसं लावलेलं आणि शेजारची कूस उघडी. ती माझ्यापुढे खाली बसली आणि उगाचच कुलूप उघडलं.

"किल्ली माझ्याकडे होती," ती म्हणाली. "प्रोकोलो, किल्ली माझ्याकडे होती."

मला वाटलं, आता हा म्हणणार, बघ, पुरी भरलीस ना! त्याचे ओठ तसे हललेही. पण तो म्हणाला, "तू भरली होतीस म्हणून पंप निघाला."

संध्याकाळपर्यंत कुणाला घरात जाता आलं नाही. माझी कूस उघडीच होती, आणि नुन्झियाने माझ्यातलं एकेक काढून वाटायला सुरुवात केली. पाणी बेकरीवाल्याच्या आईला. घोंगडी दाढीचा साबण लावलेल्या म्हाताऱ्याला, तो बनियनवर कुडकुडत होता. बिस्किटं पोरांना, तीही आत्याच्या नजरेसमोर. कुणीतरी छोटी शेगडी आणली आणि कॉफीच्या भांड्याने चौकाला आळीपाळीने कॉफी पाजली. आत्याचा काळा पोशाख रोझाल्बाने टॉवेलवरून चढवला. आत्याने लांबूनच तिला मागेपुढे वळायला लावलं. "खांद्यात ढिला आहे," ती म्हणाली, "पण जिवंत बाईवर बरा दिसतो."

मित्रांनो, शेवटी माझ्यात काहीही उरलं नाही. इतकी रिकामी मी कधीच झाले नव्हते. आणि मला जराही राग आला नाही. त्याच चौकात मला कळलं की मला रिकामं करणाऱ्यांचा मला कधीच राग नव्हता. अवेळी रिकामं करणाऱ्यांचा होता.

माझी कूस प्रोकोलोने जाळी विणायच्या सुईने आणि निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवली. शिवण वाकडी आहे. आत्या रोज सांगते की ती रस्त्याच्या पलीकडून दिसते.

तेव्हा आता हात जोडून सांगते, आणि वैतागूनही सांगते. तुमच्याही घरी अशी एक सॅक भरा. पूर येत असेल तर पुरासाठी, वादळ येत असेल तर वादळासाठी. ज्याच्यावाचून घरातल्या माणसाचा श्वास अडेल ते सर्वांत वर ठेवा, डोळे मिटूनही हाताला लागेल असं. औषधांच्या तारखा बघा. आणि कृपा करून तिला कुलूप लावू नका. घरच्या माणसांपासून कुलूप लावायची वेळ आली असेल, तर आधी घरच्या माणसांशी बोला. जमीन यादी वाचत नाही. ती वासही घेत नाही. तिला तुमची काही पडलेली नाही. काळजी करायची ती तुम्हालाच.

हे सगळं मी त्यांच्याही कानात ओरडले असते, पण ऐकतो कोण? त्या शनिवारनंतर आज पाचवा दिवस. आम्ही पुन्हा वर राहायला आलोय आणि मी अजून रिकामीच आहे. प्रत्येकजण म्हणतो, उद्या भरू.

थांबा. दार वाजलं. प्रोकोलो आलाय. दोन्ही हातांत पिशव्या. फ्रिजवरची यादी काढून त्याने दातांत धरलीय. बाटल्या ठेवतोय. डबे, चावी, रेडिओ, घोंगडी. सगळ्यात शेवटी निळं पाकीट, अगदी वर. यादीवर शेवटची खूण केली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याचा हात वर येतोय. मी अंग आवळून घेतलं.

हात माझ्यात आला नाही. तो गेला मला टांगलेल्या खुंटीकडे. अशुभ टळावं म्हणून आमच्याकडे लोखंडाला हात लावतात. त्याने खुंटी घट्ट धरली, पुटपुटून काहीतरी म्हटलं आणि समाधानाने जेवायला गेला.

खुंटी लाकडाची आहे. पण या खेपेला मी काही बोलणार नाही.